खाणीतून गेलेल्या स्त्रिया

२०२१ साली आकांक्षा कुमारी ही अभियंता झारखंडमधील चुरीच्या भूमिगत खाणीत रुजू झाली. कोल इंडियाच्या भूमिगत खाणीतील पहिली स्त्री खाण-अभियंता म्हणून तिचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. अभियंता म्हणून ती पहिली असेल. स्त्री म्हणून मात्र नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी झरिया-राणीगंजच्या खाणींत नवरा कोळसा फोडी आणि बायको तो वाहून टबांत भरी. मजुरी टबांच्या हिशेबाने, म्हणजे दोघांच्या श्रमांवर मिळे. १९२९ च्या नियमांनी या स्त्रियांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढावयाचे ठरले. १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. हेतू दयेचा होता, आणि त्या कोंदट अंधारातील हाल पाहता त्याला नावे ठेवणे सोपे नाही. परंतु या दयेलाही सवड-सोय पाहण्याची सवय होती. महायुद्धात कोळशाचा तुटवडा पडताच १९४३ मध्ये सरकारनेच बंदी उठविली. आरंभ मध्य प्रांतापासून झाला; चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. युद्ध संपले आणि १९४६ मध्ये दार पुन्हा बंद झाले. स्त्रीची प्रकृती तेवढ्या तीन वर्षांपुरतीच कणखर झाली होती, असे मानावयाचे काय?

१९५२ च्या खाण कायद्याने हीच बंदी कायम केली. जमिनीवरच्या कामांत ज्या बाया उरल्या, त्यांच्यासाठी कोल इंडियाने २०१४ मध्ये खास स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. आई घरी बसावयाची आणि नोकरी मुलाला मिळावयाची!

जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने भूमिगत खाण खुली केली, पण ती तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापकीय कामांपुरती, आणि तीही दिवसा. म्हणजे अभियंता स्त्रीला वाट मिळाली. टब भरणारीच्या नातीला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांची मुभा दिली आहे. तेव्हा आता प्रश्न कायद्याचा कमी व खाण-व्यवस्थापनाचा अधिक आहे. खाली उतरलेल्या कामगाराला पाळी संपेपर्यंत सहजी वर येता येत नाही. खालील स्वच्छतागृह, वर कपडे बदलण्याची स्वतंत्र खोली, मापाचे बूट यांची तरतूद भरतीच्या जाहिरातीआधी झाली पाहिजे. यंत्र चालविण्याचे शिक्षण कामगारांच्या मुलींना मिळणे त्याहून निकडीचे; कारण पाटीची जागा यंत्राने केव्हाच घेतली आहे. बल्लारपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यासाठी आपल्या प्रवेशयाद्या आजच तपासावयास हरकत नाही.