ट्रॅक्टर घ्यायचा की जेसीबी बोलवायचा?

मैत्रिणींनो, अक्षय तृतीया झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय निघतोच. एखादी ताई म्हणते, "आमचं दीड एकर सात-आठ वर्षं पडीक पडलंय, घाणेरी अन् बाभळी माजल्यात. गटाने मिळून छोटा ट्रॅक्टर घेऊ, सगळ्यांचीच रानं साफ होतील." दुसरी म्हणते, "कशाला कर्ज डोक्यावर? जेसीबी बोलवा, दोन दिवसांत काम खलास." दोघींचंही थोडं बरोबर आहे आणि थोडं चुकतंय, कारण ही दोन यंत्रं एकमेकींना पर्याय नाहीतच.

आधी तेवढं समजून घेऊ. पडीक रान मोडणं आणि रान कसणं ही दोन वेगळी कामं. मिनी ट्रॅक्टर साधारण १५ ते २५ अश्वशक्तीचा. तो वाफसा असलेल्या, पूर्वी कसलेल्या जमिनीत छान चालतो. रोटाव्हेटर, छोटा कल्टिव्हेटर, पेरणी, फवारणी, लहान ट्रॉली, कांद्याच्या सऱ्या, हे सगळं त्याला जमतं. पण बाभळीचं खोड मुळासकट उपटणं किंवा जमिनीत रुतलेला धोंडा काढणं हे त्याचं काम नाही. पडीक रानात रोटाव्हेटर घातला तर पात्यांचे तुकडे होतात, गिअरबॉक्सला धक्का बसतो आणि पहिल्याच हंगामात दुरुस्तीचा खर्च मागे लागतो. तिथे जेसीबी किंवा पोकलेनच हवा, आणि तोही एकदाच. एकदाच करायच्या कामासाठी पाच वर्षांचं कर्ज कोणी काढू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

गंमत बघा. चाकणला ह्युंदाईचे पोकलेन तयार होतात, तळेगावला जेसीबीचा कारखाना आहे, सणसवाडीला जॉन डिअरचे ट्रॅक्टर बनतात. म्हणजे ही यंत्रं आपल्याच पट्ट्यात जन्माला येतात. पण मृगाच्या आधी चार तासांसाठी मशीन मागा, मालक फोन उचलत नाही. त्याला कंपनीच्या साइटवर, प्लॉटिंगवर महिना-महिना काम असतं, आपल्या दीड एकरासाठी तो कशाला वाट वाकडी करेल? यावर एकच इलाज आहे. पाच-सहा जणींची रानं एकत्र करून, लागोपाठ दोन-तीन दिवसांचं काम एकदम सांगायचं. मशीन आणण्या-नेण्याचं भाडंही मग वाटून जातं. आणि रोहिणी लागायची वाट बघू नका. रब्बी निघाली की मार्चमध्येच ठरवून टाका.

आता हिशोब. खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. पद्धत हीच ठेवा, दर आपापल्या गावचे घाला.

समजा बारा जणींचा गट आहे, सगळ्यांची मिळून कसती जमीन १४ एकर आणि पडीक ३ एकर. पडीक रानाला जेसीबीचे एकरी चार तास धरले तर १२ तास. ताशी १,२०० रुपयांप्रमाणे १४,४०० आणि आणण्या-नेण्याचे २,०००. एकूण १६,४०० रुपये. विषय संपला.

आता ट्रॅक्टर. रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर आणि छोट्या ट्रॉलीसकट ५ लाख धरू. (ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोणी जुनं कोटेशन दाखवलं तर नवं मागा.) गटाचे १ लाख, बँकेचे ४ लाख, पाच वर्षं, व्याज ११ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे ८,७०० रुपये, वर्षाचे १ लाख ४ हजार. विमा आणि कागदपत्रांचे १० हजार, सर्व्हिसिंग आणि टायरसाठी बाजूला ठेवायचे १५ हजार. म्हणजे ट्रॅक्टर नुसता दारात उभा राहिला तरी वर्षाला १ लाख २९ हजार जाणार.

तो चालला की डिझेल आणि ड्रायव्हर. ताशी अडीच लिटर डिझेल आणि ड्रायव्हरचे १२० रुपये धरले तर साधारण ३५० रुपये. गावात भाडं ताशी ८०० मिळत असेल, तर तासामागे हातात राहतात ४५०. आता १ लाख २९ हजाराला ४५० ने भागा. उत्तर येतं जवळजवळ २९० तास. एवढे तास ट्रॅक्टर चालला तर कुठे बरोबरी होते, नफा त्याच्या पुढे.

आपल्या १४ एकराला वर्षाला एकरी ५ तास धरले तरी ७० तासच होतात. उरलेले २२० तास बाहेरच्यांच्या शेतात काम मिळवावं लागेल, आणि तेही नेमकं त्याच दिवसांत, जेव्हा आपल्यालाही पेरणीची घाई असते. वर्षाचे कामाचे खरे दिवस साठ-सत्तर. रोजचे पाच तास भरले तर जमतं, पण त्यासाठी पूर्णवेळ ड्रायव्हर हवा आणि गिऱ्हाईक आणणारी, वसुली करणारी खमकी बाई हवी. नसेल तर ७० तासांचं काम भाड्याच्या ट्रॅक्टरने ५६ हजारांत होतं. घरचा ट्रॅक्टर तेच काम दीड लाखाला करतो.

मग ट्रॅक्टर घ्यायचाच नाही का? तसं नाही. अनुदान मिळालं की चित्र पालटतं.

कृषी यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी ५० टक्के अनुदान असतं, पण त्याला वरची मर्यादा आहे. अलीकडच्या वर्षांत ती १ लाख २५ हजार होती, चालू वर्षाची तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. ही रक्कम कर्जात भरली तर आपले २९० तास साधारण २१५ वर येतात. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधी ट्रॅक्टर घेतला तर अनुदान मिळत नाही. आणि अनुदान खरेदीनंतर खात्यात येतं, म्हणजे सुरुवातीला पूर्ण किमतीची सोय आपणच करायची.

इथे आपल्या बायकांची खरी अडचण येते. महिला शेतकरी म्हणून अर्ज करायला सातबाऱ्यावर नाव लागतं आणि नाव असतं मालकांचं किंवा सासऱ्यांचं. नवऱ्याने स्वखुशीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. तलाठ्याकडे अर्ज करून विचारा. ट्रॅक्टर येवो न येवो, हे काम तरी करून ठेवाच.

दुसरी योजना खास गटांसाठी आहे आणि आपल्या भागात फार थोड्या जणींना ती माहीत असते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचतगटांना समाजकल्याण विभाग ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे ९० टक्के अनुदानावर देतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजार सरकारचे, ३५ हजार गटाचे. गटात किमान ८० टक्के सदस्य या घटकातले हवेत, अध्यक्ष आणि सचिवही. अर्ज सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात. अशा गटाला हप्ताच नाही. वर्षाला २५ हजार खर्च धरला तर ५५-५६ तासांतच बरोबरी होते, म्हणजे घरच्या कामातच तो परवडतो. तुमचा गट बसत असेल तर विचार करत बसू नका.

पश्चिमेकडे भाताची खाचरं लहान आहेत, तिथे चिखलणीला पॉवर टिलर बरा. किंमत कमी आणि बांधावरून उतरवायला सोपा.

आता जेसीबी बोलावणाऱ्यांसाठी, कारण फसगत इथेच जास्त होते.

आपल्या पट्ट्यात एक माणूस हमखास भेटतो. तो म्हणतो, "ताई, रान फुकट साफ करून देतो, फक्त मुरूम मी नेतो." ऐकायला गोड आहे. पण मुरूम हे गौण खनिज आहे. तहसीलदारांची परवानगी आणि रॉयल्टी भरल्याशिवाय तो शेतातून बाहेर नेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीवाला निघून जातो, नोटीस येते सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. शिवाय मुरमाबरोबर वरची माती गेली की उरतो खड्डा, पावसात तिथे तळं साचतं. आपल्याच रानात उंचवटा काढून खोलगट भाग भरणं ही गोष्ट वेगळी, ती करा. बाहेर एकही ट्रॉली जाऊ देऊ नका.

झाडांचंही तसंच. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ खाली आंबा, चिंच, जांभूळ, खैर, सागवान अशी झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जेसीबीवाला विचारत बसणार नाही. तुम्हीच आदल्या दिवशी त्या झाडांना चुन्याचा पट्टा मारून ठेवा.

बांधाजवळ मशीन नेण्याआधी शेजाऱ्याला बोलावून हद्द दाखवा. वाद असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, मग जेसीबी. चाकणच्या आसपास आता गुंठ्याला किंमत आली आहे, एक फूट बांध सरकला तरी कोर्ट-कचेरी होते. रानाखालून पाण्याची किंवा गॅसची पाइपलाइन गेलीय का, हेही ग्रामपंचायतीत विचारा. आणि एक सांगते, रान साफ करण्यासाठी कुठल्याही स्टॅम्पपेपरवर सही लागत नाही. कोणी मागितली तर काम थांबवा.

ताशी ठरवायचं की उक्तं? नुसती झाडोऱ्याची साफसफाई असेल, काम डोळ्यांना दिसतंय, तर उक्तं परवडतं. खाली खडक किती निघेल ठाऊक नसेल तर ताशी. ताशी असेल तर मशीनवरच्या तासांच्या मीटरचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी वहीत लिहा. डिझेल आणायला गेलेला वेळ धरायचा नाही, हे आधीच बोला. आणि मशीन येण्याआधी बारीक झुडपं आपण कोयत्याने तोडून एका कडेला रचली तर मशीनचे तास वाचतात.

ऑपरेटरला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वरची वीतभर माती आधी ओढून बाजूला ढीग कर, मग सपाटी कर, मग तीच माती वर पसर. असं केलं नाही तर खालचा मुरूम वर येतो आणि दोन-तीन वर्षं पिकाला जोम धरत नाही. यात एखादा तास जास्त जातो, तो जाऊ द्या.

मशीन गेल्यावर काम संपत नाही. दगड वेचणं, मुळ्या गोळा करणं हे आपल्याच माथी येतं आणि ते कुणी हिशोबात धरत नाही. तीन एकराला बाया किती, दिवस किती, हे मोजा आणि गावच्या रोजाने त्याची किंमत मांडा. १६,४०० चा आकडा मग केवढा होतो ते बघा. घाणेरी पहिल्या पावसात परत फुटते, ती कोवळी असतानाच उपटायची. पहिल्या खरिपात ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताना गाडला तर जमीन सावरते. पेरा केला की ई-पीक पाहणीत नोंद करा, म्हणजे सातबाऱ्यावर पडीक लागत नाही.

ट्रॅक्टर घेणाऱ्या गटांना आता दोन गोष्टी सांगते. एक नावाची. गटाच्या पैशाचा ट्रॅक्टर अध्यक्षांच्या नावावर लागला की सहा महिन्यांत तो त्यांच्या घरचा होतो. मुलगा चालवतो, भाडं कुठे जातं कळत नाही आणि हप्ता भरायला मात्र बारा जणी. आरसी कोणाच्या नावावर, किल्ली कुठे राहणार, भाड्याची वही कोण लिहिणार, घरच्या शेताचं भाडंही भरायचं की नाही, हे सगळं कोटेशन आणायच्या आधी ठरावात लिहा आणि सह्या घ्या. गट सोडणाऱ्या बाईला तिचा वाटा कसा द्यायचा, तेही. विमा घेताना ट्रॅक्टर भाड्याने चालणार आहे हे एजंटला स्पष्ट सांगा. शेतीवापराच्या विम्यावर भाड्याचं काम करताना अपघात झाला तर भरपाईला अडचण येते. ट्रॉलीत बाया बसवून नेऊ नका, लग्नालाही नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. ट्रॅक्टरच्या मागे रोटाव्हेटरला फिरवणारा दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी त्यात अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर नवं बसवल्याशिवाय काम करू नका. जवळ जाताना आधी इंजिन बंद. चालवायला शिकायचं असेल, आणि आपल्यातल्या दोघी-तिघींनी शिकायलाच हवं, तर प्रशिक्षणासाठी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. परवाना मात्र आरटीओचाच लागेल.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने एक चिठ्ठी आणावी. आपलं कसतं रान किती, पडीक किती, गेल्या वर्षी मशागतीला कोणाला किती रुपये दिले. एवढं जमलं की वरचा हिशोब अर्ध्या तासात तुमच्या गटाचा होतो.