कंपनी बुडाली, तर रांगेत तुमचा नंबर कितवा?

मार्च महिना आला की आमच्या लखनौच्या शाखेत मुदत ठेवींचे नूतनीकरण करायला खातेदारांची गर्दी होते. असेच एक निवृत्त मराठी काका आले आणि म्हणाले, "साहेब, एक कंपनी बँकेपेक्षा दीड टक्का जास्त व्याज देतेय. ही रक्कम तिकडे टाकू का?" मी विचारले, "काका, ती कंपनी बुडाली, तर पैसे परत मिळण्याच्या रांगेत तुमचा नंबर कितवा?" ते गप्प झाले. हा प्रश्न प्रत्येक बचतदाराने विचारायला हवा.

पैसे कोणाकडे आहेत?

दुकान एकाच मालकाचे असेल, तर कर्जाला मालक स्वतः बांधील असतो. त्याचे घरही वसुलीत येऊ शकते. भागीदारीत प्रत्येक भागीदार संपूर्ण कर्जाला जबाबदार असतो. कंपनीचे तसे नाही. कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. भागधारकांचे नुकसान त्यांनी घातलेल्या भांडवलापुरते असते आणि एरवी संचालकांच्या घरावर तुमचा हक्क पोहोचत नाही. म्हणजे कंपनीकडे जे उरेल, त्यातूनच तुमचे पैसे मिळणार.

रांग कशी लागते?

नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 नुसार कंपनी मोडीत निघाली, तर आधी प्रक्रियेचा खर्च भागवला जातो. मग कामगारांचे 24 महिन्यांपर्यंतचे वेतन आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका. पुढे इतर कर्मचाऱ्यांचा पगार. त्यानंतर विनातारण धनको. कंपनीचे मुदत ठेवीदार सहसा इथे उभे असतात. मग सरकारी देणी आणि अगदी शेवटी भागधारक.

लखनौला बसलेला चटका

उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशनच्या कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतले सुमारे 2,268 कोटी रुपये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत अडकल्याचे 2019 मध्ये उघड झाले. कर्मचारी रस्त्यावर उतरले. या कंपनीच्या ठेवींना त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत सर्वोच्च मानांकन होते! नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि डिसेंबरमध्ये प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने दाखल करून घेतले. जून 2021 मध्ये पिरामल समूहाची योजना मंजूर झाली. कंपनी वाचली, पण मुदत ठेवीदारांच्या एकूण दाव्यांपोटी रुपयामागे सुमारे 23 पैसेच आले. भागधारकांच्या हाती शून्य.

बँकेतली ठेव वेगळी का?

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदारामागे, 5 लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले, तरी मर्यादा एकच. कंपनीच्या ठेवींना आणि पतसंस्थांना हा विमा नाही.

तुम्ही काय कराल?

- अर्जावर ठेव 'सुरक्षित' म्हणजे तारण असलेली आहे की विनातारण, ते वाचा.
- मानांकन एकदाच पाहून थांबू नका, ते बदलते.
- निवृत्तीची सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नका.
- ठेवीची मूळ पावती जपा. कंपनी दिवाळखोरीत गेल्याची जाहीर सूचना निघाली, तर दिलेल्या मुदतीत पावतीसह दावा दाखल करा. दावाच केला नाही, तर रांगेत तुमची जागाच नसते.

एक लाखावर दीड टक्का म्हणजे वर्षाला 1,500 रुपये. तेवढ्यासाठी लाखाची जोखीम घ्यायची का, हे ज्याने त्याने ठरवावे. काकांनी अर्ज पुन्हा वाचला, 'विनातारण' या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, "औषधपाण्याचे पैसे इथेच राहू द्या."