तीन थर, एक चाल

महाराष्ट्रात जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तीच कर्नाटकात कौदी या नावाने ओळखली जाते. जुनी लुगडी, धोतरे, उरलेसुरले तुकडे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेले हे पांघरूण म्हणजे काटकसर आणि माया यांचा मिलाफ होय. कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असूनही घरी मराठी बोलणाऱ्या भावसार आणि नामदेव शिंपी समाजांतील अनेक कुटुंबांनी शिवणकामावरच आपला चरितार्थ चालविला. त्यामुळे सुई-दोऱ्याची ही परंपरा दोन्ही प्रांतांना सारखीच जवळची आहे.

हाताने गोधडी पुरी करावयास कित्येक दिवस लागतात. साहजिकच अनेक गृहिणी आता शिवणयंत्राकडे वळल्या आहेत. परंतु यंत्रावर जाड थर घातले की वरचे कापड सरकते, चुण्या पडतात आणि कडा जुळेनाशा होतात. रेशमाच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते.

रेशमाच्या मुलखात

बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. म्हैसूर राज्यात रेशीम उद्योगास उत्तेजन देणारा राज्यकर्ता म्हणूनही टिपूचे नाव घेतले जाते. याच तालुक्यातील विजयपूर हे गाव (विजापूर शहर वेगळे) रेशमासाठी परिचित आहे, तर शेजारच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील शिडलघट्टा येथे रेशीमकोषांची मोठी बाजारपेठ भरते. अशा मुलखात घरोघरच्या कपाटांत जुन्या रेशमी साड्या जपलेल्या असाव्यात यात नवल नाही. विरत चाललेल्या साडीची गोधडी करणे हा तिला पुन्हा वापरात आणण्याचा उत्तम मार्ग. मात्र येथे चुकीला वाव नसतो. सुती कापडावरची शिवण उसवून पुन्हा घालता येते. रेशमावर सुईची छिद्रे तशीच राहतात. आणि आईच्या लग्नातील शालूला दुसरा ताका मिळत नाही!

चुण्या का पडतात?

यंत्राच्या तळपट्टीतून वर येणारे दाते केवळ सर्वांत खालच्या थराला धरून सरकवतात. वरून दाबणारा नेहमीचा पाय गुळगुळीत आणि जागच्या जागी स्थिर असतो. त्यामुळे वरचा थर प्रत्येक टाक्यागणिक किंचित मागे राहतो. दोन मीटर लांबीच्या ओळीत ३ मिलिमीटरचे सुमारे ६६७ टाके बसतात. प्रत्येक टाक्याला मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतका फरक पडला, तरी ओळीच्या शेवटी तो ३ सेंटिमीटरहून अधिक होतो.

यावर उपाय म्हणजे ‘वॉकिंग फूट’, अर्थात चालता पाय. नेहमीचा पाय काढून त्या जागी हा बसवितात. त्याचा दुबेळक्यासारखा दांडा सुईच्या पकडीच्या स्क्रूवर टेकतो आणि सुईबरोबर खाली-वर होतो. सुई वर गेली की या पायाचे स्वतःचे दाते वरच्या कापडाला धरतात आणि खालच्या दात्यांच्या जोडीने मागे सरकतात. अशा रीतीने वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही थर एकाच चालीने पुढे जातात.

वापरताना घ्यावयाची काळजी

खरेदीपूर्वी आपल्या यंत्राच्या दांड्याची उंची आणि सुईच्या पकडीचा स्क्रू या पायाशी जुळतो की नाही, हे दुकानात यंत्राचे मॉडेल सांगून पडताळून घ्यावे. कापड आधी धुऊन वाळवावे. थर सपाट अंथरून कच्च्या टाक्याने पक्के करावेत. चालता पाय असला तरी ही पायरी गाळू नये. टाका ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवावा. शिवण मध्यभागापासून कडांकडे न्यावी आणि वेग मंद राखावा. कापड हाताने ओढू नये, केवळ दिशा द्यावी. प्रथम त्याच थरांच्या तुकड्यावर एक ओळ घालून पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

या साधनाला मर्यादाही आहेत. सरळ ओळी, चौकटी आणि सौम्य वळणे यांसाठी ते उत्तम; वेलबुट्टीसारख्या गुंतागुंतीच्या नक्षीसाठी मात्र ते उपयोगी नाही.

छंदातून व्यवसायाकडे

ज्या भगिनी गोधड्यांच्या मागण्या स्वीकारतात, त्यांना नीटस शिवण म्हणजे ग्राहकाचा विश्वास. शिंपीकाम हे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांपैकी एक आहे. पात्र कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच ५ टक्के व्याजदराने तारणाविना प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तीत तरतूद आहे. मात्र कर्जाने यंत्र घेण्यापूर्वी महिन्याकाठी किती गोधड्या शिवून होतील आणि त्यांना मागणी कितपत आहे, याचा हिशेब वहीत मांडावा.

हाताच्या धावदोऱ्याची सर यंत्राला येणार नाही, हे खरेच. परंतु डोळ्यांना आणि बोटांना तो शीण सोसवेनासा झाला, म्हणून घरातील साड्या कपाटात विरून जाव्यात हे योग्य नव्हे. लांब, सरळ ओळी यंत्रावर घालाव्यात आणि काठाची शेवटची शिवण हवी तर हाताने करावी. पांघरणाऱ्याला ऊब सारखीच मिळेल.