विश्लेषण : जुन्या जीपचे टायर ‘नवे’ दिसले तरी धोक्याचे का?

पावसाळा ओसरला की ताडपत्रीखाली झाकलेल्या जुन्या जीप बाहेर निघतात. बॅटरी चार्ज होते, ऑइल बदलले जाते, कार्ब्युरेटर साफ होतो. टायरवर मात्र फक्त नजर टाकली जाते आणि ‘खाचा अजून शाबूत आहेत’ म्हणत हवा भरली जाते. वर्षाकाठी हजार-दोन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी हा निकष फसवा आहे. तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. शिवाय ते एकमेकांशी जुळणारे नसतील, तर फोर-व्हील ड्राइव्हच्या यंत्रणेलाही त्याची झळ बसते.

कोणत्या गाडीला कोणता टायर?

महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातील बहुतेक जीपचा मूळ टायर ६.००-१६ मापाचा. यातील पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. दोन आकड्यांमधील आडवी रेघ म्हणजे आडव्या-तिरप्या थरांचा, बाजारात ‘नायलॉन’ म्हणून ओळखला जाणारा टायर. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली. पुढच्या काळातील जिप्सी किंगच्या टायरचे माप २०५/७० आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ७० टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंचांचा.

टायरचे वय कसे ओळखायचे?

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१४ म्हणजे २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. तीनच आकडे असतील तर तो २००० पूर्वीचा. त्याचा विचारच करू नये. हे आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे गाडीखाली वाकून पाहावे लागते.

ऊन, उष्णता, ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे रबर कडक होत जाते. गाडी न चालवताही ही प्रक्रिया सुरूच राहते. टायरमध्ये असलेली संरक्षक द्रव्ये टायर फिरत असताना पृष्ठभागावर येतात. उभ्या गाडीत तेही नीट होत नाही. मग बाजूला केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर खाचा कितीही खोल असल्या तरी बदल, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. हे स्टेपनीलाही लागू आहे. चारचाकीसाठी खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर हवी, हा नियम आहेच. पण जुन्या जीपमध्ये त्याआधी वयाची मर्यादा येते.

चारही टायर सारखेच का हवेत?

विलिज, जुन्या महिंद्र जीप आणि जिप्सीमध्ये ‘पार्ट-टाइम’ फोर-व्हील ड्राइव्ह आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये वेगातील फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. फोर-व्हील टाकले की ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरवते. म्हणून टायरचा व्यास हा गिअरच्या हिशेबाचाच भाग ठरतो.

ढोबळ हिशेब पाहू. सुमारे ७३० मिलिमीटर व्यासाचा नवा टायर एका किलोमीटरमध्ये साधारण ४३६ फेऱ्या मारतो. त्याच्या खाचा ८ मिलिमीटर झिजल्या, तर व्यास १६ मिलिमीटरने घटतो आणि फेऱ्या सुमारे ४४६ होतात. पुढे नवी जोडी आणि मागे झिजलेली असेल, तर दर किलोमीटरला दहा फेऱ्यांचा हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. चिखलात चाक घसरते आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. ताण शाफ्ट, जॉइंट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. फोर-व्हीलचा दांडा परत निघत नाही, स्टिअरिंग जड होते, ती याचीच खूण. टायर सारखे असले तरी वळणावर असा ताण येतो, म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील टाकू नये.

टायर सारखे झिजावेत यासाठी ते स्टेपनीसह पाचही चाकांवर ठरावीक अंतराने फिरवत राहावेत. दरवेळी केवळ पुढची जोडी बदलण्याची सवय इथे महागात पडते.

नायलॉन की रेडियल?

नायलॉन टायरची बाजू जाड, दगडाचा मार सोसणारी. मूळ रूप जपणाऱ्यांना तोच हवा असतो. पण तो लवकर तापतो, सरळ रस्त्यावरही गाडी इकडेतिकडे ओढतो. लष्करी धाटणीच्या ठोकळ्यांचा टायर तर ओल्या डांबरावर कमी पकड देतो. ड्रम ब्रेकच्या जीपमध्ये हे लक्षात ठेवून वेग आवरावा. रेडियल रस्त्यावर स्थिर आणि थंड राहतो. दोन्ही प्रकार एकाच गाडीत मिसळू नयेत. वळताना आणि ब्रेक मारताना त्यांचे वागणे वेगळे असते.

जुन्या रिमवर ट्यूबलेस बसवताना सावध राहावे. ट्यूबलेससाठीच्या रिमवर टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा असतो. जुन्या रिमवर तो बहुधा नसतो. अशा वेळी ट्यूब वापरावी आणि रेडियल टायरमध्ये रेडियलसाठीचीच ट्यूब घालावी.

मोठे टायर लावले तर?

६.००-१६ च्या जागी ७.५०-१६ लावल्यास व्यास साधारण दहा टक्के वाढतो. जीप रुबाबदार दिसते, पण स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६६ च्या आसपास धावत असते. इंजिनाला चढावर जोर कमी पडतो, ब्रेकवरचा भार वाढतो, किंगपिनच्या बेअरिंगची झीज वाढते. स्टिअरिंग थरथरू लागले, तर टायरसोबत हे बेअरिंगही तपासावे.

हवा किती आणि कधी?

हवा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडलेले असते. वाळू-चिखलात हवा कमी केली की पकड वाढते. पण ट्यूबच्या टायरमध्ये ती फार कमी केल्यास टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह ट्यूबपासून उपटला जातो. पक्का रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरणे अनिवार्य. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो.

गाडी उभी असताना काय करावे?

महिनोन्महिने एकाच जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. गाडी स्टँडवर उचलून ठेवावी; ते शक्य नसेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी पुढेमागे करावी. टायरवर ऊन येऊ देऊ नये. चमक आणण्यासाठी डिझेल किंवा खनिज तेल चोळू नये. त्याने रबर खराब होते. साबणाचे पाणी पुरते.

पाच टायर एकदम परवडत नसतील तर?

वय उलटलेले, फुगा आलेले किंवा चिरा पडलेले टायर आधी काढावेत. नवे टायर एकाच ॲक्सलवर जोडीने, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे बसवावेत. त्यांचे माप आणि बांधणी उरलेल्या टायरसारखीच हवी. उरलेली जोडी येईपर्यंत गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये चालवावी. पुढच्या-मागच्या व्यासातील फरक तोवर ट्रान्सफर केसपर्यंत पोहोचत नाही. ‘रिमोल्ड’ टायरचा स्वस्त पर्याय टाळलेला बरा. वरचे रबर नवे असले तरी आतला सांगाडा जुनाच असतो.