हुतुतूला वाळू पुरते

शुक्रवारी सकाळी रुवीत फेरफटका मारावा, तर रिकाम्या जागेत क्रिकेटचे डाव रंगलेले दिसतात. खेळणारे बहुतेक आपलेच कामकरी बंधू. आम्हांला कौतुक वाटते. पण बॅट-बॉलचा खर्च सगळ्यांच्याच खिशाला झेपतो असे नाही.

दिवसभर सिमेंट उचलणाऱ्याला व्यायामाचे धडे द्यायला आम्ही धजणार नाही. जून ते ऑगस्ट दुपारी १२.३० ते ३.३० उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा इथला नियम आहे. ती विश्रांतीच त्याचे औषध. काळजी वाटते ती तासन् तास बसून राहणाऱ्या ड्रायव्हरची, पहारेकऱ्याची, गल्ल्यावरच्या पोराची. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटांची हालचाल सांगते. ती त्यांनी आणायची कुठून?

आम्ही म्हणतो, हुतुतू खेळा! सात-सात गडी, पायाने ओढलेल्या रेघा, की झाले मैदान. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ परदेशी प्रेक्षकांना दाखवला. खुद्द ओमानात, मुसन्ना येथे, डिसेंबर २०१० च्या आशियाई बीच क्रीडास्पर्धांत वाळूवरच्या कबड्डीत महिलांचे सुवर्णपदक भारताने जिंकले, पुरुषांचे मात्र पाकिस्तानने. वाळूवर तर चार-चार गडीच पुरतात. (पोट सुटलेल्यांनी मात्र आधी महिनाभर चालावे, मगच रेघ ओलांडावी.)

लेबर कॅम्पच्या मालकांकडे आमचे मागणे थोडेच आहे: संध्याकाळी १३ मीटर लांब, १० मीटर रुंद जागा आणि एक दिवा. आणि हो, शुक्रवारची सुट्टी खरोखर सुट्टीच असू द्यावी.