काचेची नळी आणि वीस मिनिटं

वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आणि शेजारच्या भोरमध्ये भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाची धास्तीही सुरू होते. दंश झालेला माणूस दवाखान्यात आला की पहिला प्रश्न, विष भिनलंय का? त्याची एक चाचणी अगदी साधी आहे. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर संशय घोणस किंवा फुरशावर. नळी साबणाने धुतलेली असेल तर मात्र निकाल फसवतो.

नर्सिंगच्या वर्गात हे दोन तऱ्हांनी शिकवता येतं. ट्युटरने पायऱ्या सांगायच्या, मुलींनी (आणि हल्ली मुलांनीही) त्या जर्नलमध्ये उतरवून व्हायवात म्हणून दाखवायच्या, ही एक तऱ्हा. दुसरीत नळी विद्यार्थिनीच्या हातात देऊन विचारायचं, ‘‘रक्त गोठलं. पेशंटला घरी सोडणार?’’ कुणीतरी ‘हो’ म्हणतंच. मग मण्यारीचा विषय निघतो. तिचं विष मज्जातंतूंवर जातं. रक्त नेहमीसारखं गोठतं, पापण्या मात्र मिटू लागतात. नळीबरोबर डोळेही का बघायचे, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार शिकण्याची ओढ तीन गोष्टींवर तगते : निर्णयात आपला वाटा असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपलं कुणीतरी असणं. चारचौघांत पेशंटसमोर ओरडा खाणारी विद्यार्थिनी एका फटक्यात तिन्ही गमावते. शिस्तीच्या नावाखाली हे आपण फार चालवून घेतो.

पोटापाण्यासाठी नर्सिंगला आलेल्या मुलीत प्रेरणा कमी असते, हा समजही तपासायला हवा. 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं. स्वतःच्या पायावर उभं राहणं हाच त्यामागचा एक मोठा हेतू होता. नोकरीसाठी धरलेलं काम पुढे आपलंसं होऊ शकतं, ते शिकवणाऱ्याने होऊ दिलं तर.

भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021च्या बीएस्सी अभ्यासक्रमात आठ सत्रं आली, स्किल लॅब आणि सिम्युलेशनला तासही मिळाले. पण डमीला मण्यार चावत नाही. खरा पेशंट बघायला कम्युनिटी पोस्टिंग हवं, आणि तिथेही नुसते सर्व्हेचे फॉर्म भरून घेणं नको. पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळतात, मुलींच्या राहण्याची सोय करावी लागते, हे खरंच. तरी भोर-वेल्ह्यातलं पोस्टिंग कॉलेजच्या सोयीने उन्हाळ्यात उरकण्याऐवजी आषाढात ठेवावं, आणि सोबत ट्युटरनेही मुक्कामाला जावं.