थेंब तरंगला तेव्हा…

मागल्या वर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्तीतल्या विहारात रक्तदान शिबिर होते. आमची एकोणीस वर्षांची कन्या पहिल्यांदाच रांगेत उभी राहिली. बोट टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडला. तो बुडायला हवा होता. वरच तरंगत राहिला. रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. दुसऱ्या दिवशी तपासले तर हिचे ९.६! शिबिराचे आयोजक आम्ही, आणि आमचीच मुलगी परत पाठवली गेली.

"पप्पा, मी तर रोज पोटभर जेवते," ती म्हणाली. तेही खरेच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर महिलांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. हा आकडा आम्ही भाषणात अनेकदा सांगितला होता. तो आपल्याच स्वयंपाकघरात बसला आहे हे मात्र दिसले नव्हते.

आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम.! हिशेबाची सवय हाडात मुरलेली. आठवडाभर घरात कोणी काय खाल्ले ते वहीत टिपले. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी डब्यात चपाती-बटाटा, संध्याकाळी फरसाण, रात्री डाळभात. सात दिवसांत पालेभाजी एकदा. भाकरी शून्य. चहा मात्र दिवसातून चार वेळा, त्यातला दोनदा जेवणाला लागूनच.

भाकरी का सुटली? १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईने मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढले. आम्हाला नोकरी लागली तेव्हा डब्यात भाकरी नेण्याची लाज वाटू लागली. भाकरी म्हणजे गरिबी, चपाती म्हणजे सुधारणा, असे आम्हीच ठरवून टाकले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि साहेबलोकांच्या ताटात ज्वारी आली! रेशनवर बहुतेक महिने गहू-तांदूळच मिळतो, ज्वारी-बाजरी विकत घ्यावी लागते, ही अडचण आहेच. तरी हिवाळ्यात बाजरी घ्यावी. तिच्यात गव्हाच्या दीडपट लोह असते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या घ्यायच्याच, नुसत्या भाजीने एवढी तूट भरून निघत नाही. पण सवयीही बदलल्या. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा बंद, कारण चहातले टॅनिन अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शिकेत हेच सांगितले आहे. तांदुळजा, चाकवत, शेपू, जी स्वस्त असेल ती पालेभाजी दिवसाआड. भाजीवर, डाळीवर लिंबू पिळायचे, त्याने लोह अधिक शोषले जाते. मोड आलेली मटकी. बिस्किटांच्या जागी फुटाणे-शेंगदाणे. आमच्या कचेरीतल्या टेबलाच्या खणातही तेच असतात. रविवारी कलेजी किंवा सुकट, त्यातले लोह तर शरीराला लवकर मिळते. गुळाचा फार गवगवा होतो, पण शेवटी तीही साखरच, बेताने खावी.

यात एक गोष्ट राहूनच जात होती. मुलीबरोबर तिच्या आईचेही रक्त तपासून घेतले. तिचे ८.७ निघाले, मुलीपेक्षा कमी! तिला आजवर कोणी रांगेत उभेच केले नव्हते. आठवडाभराच्या आमच्या वहीत सर्वांचे जेवण होते, तिचे नव्हते. सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईच्या तळाशी जे उरेल ते तिचे जेवण. भाजी संपली की चटणी आणि वर कपभर चहा. बंधूंनो, समतेवर भाषणे देणाऱ्या आमच्या घरातली ही गोष्ट!

आता रात्री चौघेही एकत्र बसतो. भाजी आधी तिच्या ताटात, मग आमच्या. सुरुवातीला तिला अवघड वाटे, पहिला घास घेताना ती आमच्याकडे बघत राही. डिसेंबरच्या तपासणीत मुलीचे ११.८ आले, तिचे १०.४. दोघींच्या गोळ्या अजून चालू आहेत.